कपाटाबाहेरचे वाचनालय

सार्वजनिक वाचनालय म्हणजे ग्रंथ जमवणारी आणि ते वर्गणीदार सभासदांना घरी वाचण्यास देणारी संस्था, ही समजूत मराठी समाजात इतकी रुळलेली आहे की एखाद्या वाचनालयाची थोरवी सांगताना प्रथम तेथील ग्रंथांची संख्या सांगितली जाते. ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे. मोठ्या शहरात सभागृह, अभ्यासिका, कलादालन, वस्तुसंग्रहालय आणि पुस्तकांची दुकाने या सोयी वेगवेगळ्या ठिकाणी व वेगवेगळ्या संस्थांकडे असतात. तालुक्याच्या गावी मात्र यांतील बहुतेक कामे एकट्या वाचनालयाच्या वाट्याला येतात, आणि त्यामुळे तेथे ग्रंथांच्या देवघेवीइतकेच महत्त्व व्याख्यानाच्या सभागृहाला, बालविभागातील गोष्टीला, वर्तमानपत्रांच्या मेजाला आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला आलेले आहे. ग्रंथालयाने आपल्या सभासदांपुरते न राहता गावातील सर्व लोकांसाठी, अगदी वाचता न येणाऱ्यांसाठीसुद्धा, जे कार्यक्रम आणि ज्या सोयी चालवायच्या त्यांना ग्रंथालयशास्त्रात विस्तारसेवा म्हणतात. महाराष्ट्रातील लहान गावांच्या वाचनालयांचे खरे सामर्थ्य या विस्तारसेवेत आहे, आणि शासनाच्या व गावाच्या हिशेबात सर्वांत कमी नोंद होते तीही तिचीच.

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची १८४० ची, पुण्याच्या नगर वाचन मंदिराची १८४८ ची आणि कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराची १८५० ची. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ मध्ये सुरू झाले, म्हणजे देशात पहिली प्रवासी रेल्वे धावण्याच्या एक वर्ष आधी. आरंभी या संस्था इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी शिकलेले मोजके नागरिक यांच्यापुरत्या होत्या. मराठी ग्रंथ आणि मराठी वाचक यांना केंद्रस्थानी ठेवणारे मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात १८९३ मध्ये स्थापन झाले आणि मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय १८९८ मध्ये. तथापि वाचनालयाने लोकांची वाट पाहत न बसता लोकांपर्यंत जावे, हा विचार व्यवहारात आणण्याचे श्रेय बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना द्यावे लागते. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम सोपवले. त्या व्यवस्थेत खेड्यांकडे लाकडी पेट्यांतून ग्रंथ पाठवले जात, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते, आणि निरक्षर प्रजेला चित्रे व चलच्चित्रे दाखवून माहिती देणारी एक शाखाही ग्रंथालय खात्यात होती. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीची ही कल्पना आजही अनेक गावांच्या पुढे आहे, हे खेदाने नोंदवावे लागते.

लहान गावातील वाचनालय किती कामे अंगावर घेऊ शकते, हे पाहण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणकडे पाहावे. वाशिष्ठी नदीच्या काठचे हे नगर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५५ हजार लोकवस्तीचे आहे आणि तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचा इतिहास १८६४ पर्यंत मागे जातो. जानेवारी २०१३ मध्ये नागनाथ कोत्तापल्ले यांच्या अध्यक्षतेखाली चिपळूणला भरलेल्या ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद या वाचनालयाने स्वीकारले होते. मंडप, निवास, भोजन, ग्रंथप्रदर्शन आणि हजारो पाहुण्यांची ये-जा सांभाळणे हे काम महानगरांतील संस्थांनाही जड जाते. ते एका तालुक्याच्या वाचनालयाने पेलले, याचे कारण त्या संस्थेच्या हाकेला ओ देणारी माणसे गावात पूर्वीपासून होती. कोकणातील जुन्या वस्तूंचे संग्रहालय आणि कलादालन ही कामेही याच संस्थेने हाती घेतली. ग्रंथांसाठी स्थापन झालेली संस्था जुन्या वस्तू का जमवते, असा प्रश्न कोणी विचारील. पण गावाची स्मृती जपणारी दुसरी संस्था त्या गावात नसेल, तर ते काम वाचनालयाचेच ठरते.

याच वाचनालयाने २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ असे दोन महापूर सोसले, आणि दोन्ही वेळा पुराचे पाणी ग्रंथांपर्यंत पोचले. पाण्यात भिजलेला ग्रंथ लगेच नष्ट होत नाही, परंतु त्याला वाचवण्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा असतो. जुलै महिन्यातील कोकणच्या दमट हवेत ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरू लागते, पुठ्ठा फुगतो, बांधणीची शिवण सैल होते आणि गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापलेली पाने एकमेकांना अशी चिकटतात की वाळल्यानंतर ती सुटी करता येत नाहीत. असे ग्रंथ कडक उन्हात टाकले तर कागद आक्रसतो आणि पुठ्ठा वेडावाकडा होतो; म्हणून ते सावलीत, वाहत्या हवेत, पानांच्या मधून मधून टिपकागद किंवा कोरा शोषक कागद घालून आणि तो वरचेवर बदलून वाळवावे लागतात. परदेशांतील मोठी ग्रंथालये भिजलेले ग्रंथ आधी गोठवून ठेवतात, कारण गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि दुरुस्तीला सवड मिळते. पूर ओसरल्यानंतर वीज नसलेल्या, घराघरांत चिखल साचलेल्या गावात मात्र ही सोय मिळणे अशक्य असते, आणि ज्यांनी ग्रंथ वाळवायचे ते कर्मचारी व कार्यकर्ते स्वतःच्याच घरातील गाळ उपसत असतात. कादंबरी पुन्हा विकत घेता येते; गावातील एखाद्या बंद पडलेल्या साप्ताहिकाची संचिका, जुन्या सभांची इतिवृत्ते आणि दाखलनोंद वही, म्हणजे संस्थेत आलेल्या प्रत्येक ग्रंथाची अनुक्रमाने नोंद असलेले पुस्तक, यांची दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक वाचनालयाने दुर्मिळ ग्रंथ आणि कागदपत्रे वरच्या मजल्यावर हलवणे आणि त्यांच्या संगणकीय प्रती गावाबाहेर ठेवणे हे काम पुढील पावसाळ्यापूर्वी करावे. चिपळूणचे वाचनालय दोन्ही वेळा पुन्हा उभे राहिले, आणि अशा आपत्तीनंतर संस्था उभी राहते ती तिने आधीच्या वर्षांत जोडलेल्या माणसांच्या बळावर.

महाराष्ट्रात वाचनालये चालतात कशी, हे समजून घेतल्याखेरीज विस्तारसेवेच्या अडचणी कळणार नाहीत. भारतातील पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. त्याआधी मुंबई इलाख्याच्या सरकारने ए. ए. ए. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ग्रंथालयांच्या वाढीची योजना करून घेतली होती. राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. कर्नाटक व तमिळनाडू या राज्यांत स्थानिक करांबरोबर ग्रंथालय कर वसूल केला जातो आणि त्यातून शासनाची वा स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणांची ग्रंथालये चालतात. महाराष्ट्राच्या कायद्यात असा कर नाही. येथील बहुसंख्य वाचनालये नागरिकांनी स्थापन केलेल्या, विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या संस्था आहेत. सभासदांतून निवडलेले कार्यकारी मंडळ त्यांचा कारभार पाहते आणि शासन त्यांना मान्यता देऊन परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथखरेदी, वेतन व दैनंदिन खर्चासाठीचे वार्षिक साहाय्य देते. या पद्धतीचा मोठा लाभ असा की वाचनालय गावाचे राहते, कोणा खात्याचे होत नाही. तोटा असा की गावात झटणारी चार माणसे असली तर संस्था बहरते आणि ती थकली की संस्थेला कुलूप लागते.

शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग केलेले आहेत. अ वर्गासाठी १५ हजारांहून अधिक ग्रंथ लागतात, ब वर्गासाठी ५ हजारांहून अधिक आणि क वर्गासाठी १ हजाराहून अधिक. त्याखालची ती ड वर्गात. सभासद, वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि वाचनालय उघडे राहण्याचे तास हेही पाहिले जातात, तथापि कार्यकारी मंडळाच्या मनावर राज्य करतो तो ग्रंथांचा आकडा. या व्यवस्थेने खेडोपाडी ग्रंथ पोचवले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु संख्या टिकवायची म्हणून जीर्ण, कसर लागलेली आणि वीस वर्षांत कोणी न उघडलेली पुस्तके कपाटात राहतात, आणि ज्या कपाटाच्या जागी मुलांसाठी सतरंजी पसरता आली असती ती जागा अडून राहते. किती व्याख्याने झाली, किती मुले सुट्टीत येऊन बसली, अभ्यासिकेतून किती जण नोकरीला लागले, या गोष्टी वार्षिक अहवालात चार ओळींत येतात आणि अनुदानाच्या रकमेवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. वर्गवारीच्या निकषांत विस्तारसेवेला ग्रंथसंख्येच्या बरोबरीचे वजन मिळाले पाहिजे.

गावातील सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी खर्चाची सेवा म्हणजे मुक्तद्वार वाचन विभाग, जेथे सभासद नसलेल्या कोणालाही वर्तमानपत्रे आणि मासिके विनामूल्य वाचता येतात. भ्रमणध्वनीवर बातम्या मिळू लागल्यापासून या विभागाची गरज संपली, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात निवृत्त माणसे, बाजाराच्या दिवशी गावात आलेले शेतकरी आणि नोकरीच्या जाहिराती टिपून घेणारे तरुण तेथे अजूनही येतात, आणि एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांच्या दिवसाला या मेजामुळे एक निश्चित वेळ मिळते. याला जोडून येणारी खास मराठी सेवा म्हणजे दिवाळी अंक योजना. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे अंक मराठी वाचनाचा अविभाज्य भाग झाले आहेत, परंतु इतके अंक विकत घेणे एका कुटुंबाला परवडत नाही. वाचनालय ठरावीक रक्कम घेऊन ते अंक पुढे काही महिने योजनेच्या सभासदांमध्ये फिरवते, आणि वर्षभर वाचनालयाकडे न फिरकणारी घरेही या निमित्ताने त्याच्याशी जोडली जातात. संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लॅस्टिकच्या वस्तूंऐवजी पुस्तकाचे वाण देण्याची प्रथा काही ठिकाणी रुजली आहे. अशा समारंभांना वाचनालयाने आपले सभागृह दिले तर महिला विभागाला वेगळ्या प्रचाराची गरज उरत नाही.

व्याख्यानमाला ही लहान गावाच्या सार्वजनिक जीवनातील मोठी घटना असते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचा आदर्श अनेक गावांनी घेतला. गावातील कुटुंबे आपल्या दिवंगत माणसांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ठेव ठेवतात आणि तिच्या व्याजातून एकेका पुष्पाचा, म्हणजे मालेतील एकेका व्याख्यानाचा, खर्च भागतो. व्याजाचे दर उतरल्यापासून हा आधार क्षीण झाला आहे आणि वक्त्याचा प्रवास व मानधन यांची जुळवाजुळव करताना कार्यवाहांची दमछाक होते. तरीही ज्या गावात दूरचा अभ्यासक समोर बसून ऐकण्याची आणि त्याला प्रश्न विचारण्याची दुसरी संधी नाही, तेथे ही माला बंद पडू देणे हा गावाचा तोटा आहे. वक्ते परगावचेच हवेत, हा आग्रह मात्र सोडावा. तालुक्यातील पशुवैद्य, कृषी सहायक, वकील किंवा परिचारिका यांनी आपापल्या विषयावर सांगितलेले पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

बालविभागाबाबत बहुतेक वाचनालयांची सदिच्छा मोठी आणि तरतूद तोकडी असते. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन असतो, आणि या दिवशी शाळांच्या रांगा वाचनालयात येऊन छायाचित्रे काढून परत जातात. वाचनाची सवय अशा दिवसांनी लागत नाही. ती लागण्यासाठी आठवड्यातून एक ठरलेला तास, मुलांच्या हाताला पोचेल इतक्या उंचीचे उघडे कपाट, पुस्तक फाटले तरी न रागावणारा माणूस आणि मोठ्याने वाचून दाखवणारा एक आवाज लागतो. मुक्तप्रवेश पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक चाळून निवडणे, प्रौढांसाठी सोय असेल. मुलांसाठी ती अट आहे, कारण ज्या मुलाला पुस्तकाचे नावच ठाऊक नाही ते खिडकीवर काय मागणार?

आजच्या लहान गावातील सर्वाधिक मागणी असलेली सेवा निःसंशय अभ्यासिका आहे. लोकसेवा आयोग, पोलीस भरती, तलाठी आणि बँकांच्या परीक्षा देणाऱ्या तरुणांना दोन खोल्यांच्या घरात, दूरचित्रवाणीच्या आवाजात आणि पाहुण्यांच्या वर्दळीत सलग सहा-आठ तास बसता येत नाही. पुण्यात राहून तयारी करण्याचा खर्च शेतकरी किंवा मजूर कुटुंबाला पेलत नाही. वाचनालयातील एक मेज, एक दिवा, पंखा आणि शांतता त्यांना अल्प शुल्कात मिळते, आणि शेजारी बसलेला दुसरा विद्यार्थी हाच पुष्कळदा त्यांचा शिक्षक होतो. मुलींच्या बाबतीत अभ्यासिकेची उपयुक्तता दोन साध्या गोष्टींवर अवलंबून असते: स्वच्छ स्वच्छतागृह आणि घरी परतण्याची एस.टी. ज्या अभ्यासिकेच्या वेळा शेवटच्या गाडीशी जुळतात तेथे खेड्यांतील मुली येतात, जेथे जुळत नाहीत तेथे येत नाहीत, आणि वेळ ठरवताना हे वेळापत्रक पुढ्यात ठेवणे कोणत्याही कार्यकारी मंडळाला अवघड नाही.

अभ्यासिकेविषयी जुन्या वाचकांची एक तक्रार असते की हे विद्यार्थी स्वतःची पुस्तके आणून वाचतात, वाचनालयाच्या ग्रंथांना हातही लावत नाहीत, आणि त्यामुळे वाचनालयाची खोलीभाड्याची जागा होऊन बसते. ही तक्रार अर्धी खरी आहे. तिच्यावर उपाय अभ्यासिका बंद करण्याचा नसून ग्रंथपालाने तिच्यात शिरण्याचा आहे. ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’ यांसारख्या मासिकांच्या मागील अंकांची विषयवार सूची, शालेय पाठ्यपुस्तकांचा पूर्ण संच, जिल्ह्याविषयीचे संदर्भग्रंथ आणि चालू आवृत्तीची कायद्याची पुस्तके मेजाजवळ ठेवली की विद्यार्थी ती उघडतात. यात एक व्यावहारिक अडचण आहे: परीक्षांची पुस्तके दर वर्षी जुनी होतात, आणि कालबाह्य आवृत्ती विद्यार्थ्याचे नुकसान करते. म्हणून अशा पुस्तकांची खरेदी थोडी पण दर वर्षी करावी आणि जुनी प्रत निर्दयपणे बाजूला काढावी. परीक्षेच्या निमित्ताने आलेला तरुण पुढे कादंबरीकडे किंवा इतिहासाकडे वळेलच असे नाही, पण जो उंबरठ्याच्या आत आला आहे त्याच्याकडूनच ती आशा धरता येते.

या साऱ्या सेवा शेवटी ज्या माणसावर अवलंबून असतात तो म्हणजे ग्रंथपाल, आणि लहान वाचनालयांतील ग्रंथपाल बहुधा अर्धवेळ, अल्प मानधनावर काम करणारा, सेवानियम आणि वेतनश्रेणी यांचे संरक्षण नसलेला माणूस असतो. तोच सकाळी दार उघडतो, वर्तमानपत्रे लावतो, दाखलनोंद करतो, वर्गणीची पावती फाडतो, व्याख्यानाच्या दिवशी खुर्च्या मांडतो आणि अनुदानाचा प्रस्ताव भरतो. दहा वर्षे जैसे थे राहिलेल्या अनुदानात २०२२ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ मंजूर केली, हे स्वागतार्हच होते. पण इतक्या वर्षांत कागद, वीज आणि पुस्तके यांच्या किमती कितीतरी चढल्या होत्या, आणि अनुदानातील वेतनाचा वाटा कर्मचाऱ्यांत विभागल्यावर त्यावर संसार चालत नाही. उत्कृष्ट वाचनालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने आणि कार्यकर्ते व ग्रंथालय सेवकांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने शासन पुरस्कार देते. ज्यांनी भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घातला आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य मानले त्या रंगनाथनांच्या नावाला शोभेल असे वेतन ग्रंथपालाला देणे, हा पुरस्कारापेक्षा मोठा सन्मान होईल.

शासनाकडून व्हायचे ते होवो. गावाच्या हाती जे आहे त्यासाठी कोणाच्या आदेशाची गरज नाही. प्रत्येक वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिची सूचना फलकावर लागते आणि सभेला बहुधा गणपूर्तीपुरतेच सभासद येतात. वाचकांनी आपल्या गावच्या वाचनालयाचे सभासद व्हावे, या वर्षी त्या सभेला जावे आणि तेथे तीन प्रश्न विचारावेत: बालविभाग आठवड्यातून किती तास उघडा असतो, अभ्यासिका शेवटच्या एस.टी.च्या वेळेशी जुळते का, आणि ग्रंथपालाला महिना किती मानधन मिळते.